पाठलाग करणारा खेळाडू, खो-खोतील

खो-खो या महाराष्ट्रीय मैदानी खेळात प्रतिपक्षाच्या पळणाऱ्या गड्यांना बाद करणाऱ्या नऊ खेळाडूंपैकी प्रत्येक जण. या नऊ जणांपैकी आठ जण मधल्या पाटीवरील चौकांत ओळीने बसतात व एक जण उभा राहून पाठलाग करतो. ‘खो’ मिळताच बसलेला उठतो व खो देणारा त्याच्या चौकात बसतो. त्यामुळे उभा खेळाडू सतत बदलत राहतो. सामन्याच्या नोंदपत्रकात बाद केलेला गडी ज्याच्या हाताचा स्पर्श झाला त्याच्याच नावे लिहिला जातो. परंतु तो स्पर्श घडवून आणण्यास आधीचे तीन-चार खो कारणीभूत झालेले असतात आणि ते देणाऱ्यांची नोंद कोठेही होत नाही. खेळाच्या या घडणीचा परिणाम खेळाडूच्या कारकीर्दीवरही होतो. विशेषतः महाविद्यालयीन वयात, जेव्हा खेळातील कामगिरीवर शिक्षणातील सवलती व पुढील नोकरी अवलंबून असते, तेव्हा तो ठळकपणे दिसून येतो. प्रस्तुत नोंदीत पाठलागाचे तंत्र आणि सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात अशा खेळाडूची महाविद्यालयीन कारकीर्द यांचा विचार केला आहे. [⟶ खो-खो].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खो-खो हा महाराष्ट्रात पूर्वापार खेळला जात असला, तरी त्याला नियमबद्ध स्वरूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले. पुणे येथील डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियम तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे बडोदे येथील व्यायामसंस्था आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ यांनी ते काम चालविले. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९–६० मध्ये विजयवाडा येथे झाली. १९७० मध्ये बडोद्याचे सुधीर परब यांना या खेळातील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राचे श्रीरंग इनामदार यांना तो १९७५ मध्ये लाभला. नवी दिल्ली येथील १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांत खो-खोचे प्रात्यक्षिक झाले आणि २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत पदकासाठीचा खेळ म्हणून त्याचा समावेश झाला. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्ली येथे पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. तीत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले. या सर्व काळात नियमांत अनेक फेरफार झाले; तथापि बसलेल्यांची रांग आणि खो देण्याची पद्धत ही दोन अंगे कायम राहिली.

क्रीडांगण व मूलभूत नियम : खो-खोचे क्रीडांगण २७ मी. लांब व १६ मी. रुंद असते. लांबीच्या दोन्ही टोकांना १·५ मी. मोकळी जागा सोडून दोन खांब रोवतात. त्यांच्यातील अंतर २४ मी. असते. खांबाची उंची सु. १२० ते १२५ सेंमी. असून तो गुळगुळीत असावा लागतो. दोन्ही खांबांना जोडणारी ३० सेंमी. रुंदीची मधली पाटी क्रीडांगणाचे दोन समान भाग पाडते. तिला छेदणाऱ्या ३५ सेंमी. रुंदीच्या आठ आडव्या पाट्या आखलेल्या असतात. जेथे या पाट्या मधल्या पाटीला छेदतात, तेथे आठ चौक तयार होतात. लगतच्या दोन आडव्या पाट्यांत २·३० मी. अंतर असते. या चौकांत पाठलाग करणारे आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. म्हणजे चार जणांची तोंडे एका अर्ध्या भागाकडे, तर चार जणांची दुसऱ्या अर्ध्या भागाकडे असतात.

पळणाऱ्या संघाचे गडी तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. पळणाऱ्याला मैदानात कोठेही जाता येते, बसलेल्या दोन खेळाडूंमधून मधली पाटी ओलांडता येते आणि हवी तेव्हा दिशा बदलता येते. पाठलाग करणाऱ्याला यांपैकी कशाचीही मोकळीक नाही. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा एका खांबाची दिशा घेतली की तो खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. पुढे निघून गेलेल्या आडव्या पाटीवरील गड्याला परत येऊन खोही देता येत नाही. खांबापलीकडील मोकळ्या जागेत मात्र दिशेचे बंधन नसते. बसलेल्या खेळाडूला मागून हाताचा स्पर्श करणे व त्याच वेळी स्पष्ट आवाजात ‘खो’ म्हणणे आवश्यक असते. खो मिळण्यापूर्वी उठल्यास नियमभंग होतो. पुरुष व महिलांच्या सामन्यात प्रत्येक डावात नऊ मिनिटे पाठलाग व नऊ मिनिटे संरक्षण असते. असे दोन डाव होत असल्याने एका संघाला पूर्ण सामन्यात पाठलागासाठी एकूण १८ मिनिटे मिळतात. बाद होणाऱ्या प्रत्येक गड्यामागे एक गुण मिळतो.

खोचे कार्य : पळणाऱ्याला सर्व मोकळीक व पाठलाग करणाऱ्याला सर्व बंधने, अशी ही विषम लढत आहे. ती विषमता दूर करण्याचे एकमेव साधन म्हणजे खो. खो मागून द्यावयाचा असल्याने, मैदानाच्या एका भागात धावणारा खेळाडू त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या चौघांनाच खो देऊ शकतो. खो मिळालेला गडी आपल्या तोंडासमोरच्या, म्हणजे दुसऱ्या भागात उठतो. अशा रीतीने प्रत्येक खोबरोबर पाठलाग मधल्या पाटीच्या पलीकडे जातो. पळणारा ज्या भागात आहे त्याच भागात पाठलाग परत आणावयाचा, तर दोन खो द्यावे लागतात. दिशा बदलावयाची झाल्यासही नव्या गड्याला उठवावे लागते, कारण नवा गडी कोणत्याही खांबाची दिशा घेऊ शकतो. थोडक्यात, एकट्या खेळाडूला जे नियमाने करता येत नाही, ते सर्व रांग मिळून करते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. क्रीडांगण उत्तर-दक्षिण आखले आहे, दक्षिणेकडून चौकांना एक ते आठ असे क्रमांक दिले आहेत आणि सम क्रमांकाचे गडी पश्चिमेकडे, तर विषम क्रमांकाचे पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत, असे समजू. उभा खेळाडू पूर्व भागातून उत्तरेकडे पाठलाग करीत असता पळणारा गडी तिसऱ्या व चौथ्या चौकांमधून पश्चिमेकडे निसटतो. उभा खेळाडू ताबडतोब चौथ्याला खो देतो व त्याच्या जागी बसतो. चौथा पश्चिम भागात उठून उत्तरेची दिशा घेतो व पळणाऱ्याला थांबू न देता पुढे रेटतो. पळणारा सहाव्या व सातव्या चौकांमधून पुन्हा पूर्वेकडे येतो. चौथ्याने त्याची ही चाल आधीच ओळखलेली असल्याने तो क्षणाचाही विलंब न करता सातव्याला खो देतो. सातवा उठतो तेव्हा पळणारा त्याच्या पुढ्यातच असतो; उत्तरेच्या खांबाकडे सरकण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. सातवा सूर मारून त्याला बाद करतो. नोंदपत्रकात हा गडी सातव्या खेळाडूच्या नावे लिहिला जातो. पळणाऱ्याला पश्चिमेस अडविणारा व त्याला चुकीच्या फटीत शिरावयास लावणारा चौथा खेळाडू आणि त्याला अचूक वेळी उठविणारा पहिला खेळाडू यांची नावे त्या ओळीत नसतात.

पळणाऱ्यांचे डावपेचही रांगेला उद्देशूनच रचलेले असतात. प्रत्येक चौकानंतर मधली पाटी ओलांडत जाणे यास एकेरी साखळी, तर दोन-दोन चौक सोडून ओलांडणे यास दुहेरी साखळी म्हणतात. खांबाजवळच्या दोन-तीन गड्यांभोवती फिरत राहून वेळ काढण्याच्या पद्धतीस गोल खेळ म्हणतात. साखळी तोडण्यासाठी पळणारा ओलांडून पलीकडे पोहोचण्याच्या आत खो जावा लागतो. म्हणजे डोळ्यांना जे दिसते त्यावर विसंबून न राहता, जे होणार आहे त्याच्या अंदाजाने खो द्यावा लागतो. उलट गोल खेळणाऱ्या गड्याला बाहेर काढण्यासाठी खो मुद्दाम लांबवावा लागतो. केव्हा घाई करावयाची व केव्हा थांबावयाचे याची जाण हे पाठलागातील सर्वांत उशिरा येणारे कौशल्य होय.

बैठक व उठाव : बसलेला खेळाडू विश्रांती घेत नसतो. चौकात तो एक वा दोन्ही पायांच्या चवड्यांवर भार देऊन, हात पुढे जमिनीवर टेकवून व नजर पळणाऱ्यावर ठेवून बसतो. दोन्ही पाय समांतर ठेवल्यास कोणत्याही खांबाकडे सारख्याच सहजतेने वळता येते. एक पाय मागे ठेवल्यास पहिल्या पावलाला अधिक रेटा मिळतो, मात्र दिशा बदलणे थोडे कठीण जाते. खो मिळाल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंतच्या अल्पावधीवर पाठलागाचे यश अवलंबून असते. पहिले पाऊलच दिशा ठरविते. ते चुकले तर खेळाडूला निष्फळ धावावे लागते किंवा पुन्हा खो द्यावा लागतो. पळणारे गडी हूल देऊन नेमकी हीच चूक घडवून आणण्याचा प्रयत्न करतात. खो दिल्यानंतरचे कामही कमी महत्त्वाचे नसते. धावत आलेल्या खेळाडूला एका क्षणात, उठणाऱ्याच्या मार्गात न येता, त्या चौकाच्या ठराविक दिशेला तोंड करून बसावे लागते आणि लगेच पुढील खोसाठी सज्ज व्हावे लागते.

खो देणाऱ्याने उठणाऱ्याच्या जागी बसावयाचे असल्यामुळे रांगेतील जागा सारख्या बदलत असतात. प्रशिक्षक सामान्यतः उंच व लांब हातांच्या गड्यांना दोन्ही टोकांना बसवितात. कारण खांबाचा आधार घेऊन शरीर आडवे झोकणे, म्हणजेच खांबावरून सूर मारणे, त्यांना अधिक साधते. मधल्या चौकांत शांत डोक्याचे व जलद बैठक घेणारे गडी बसवितात. परंतु पहिल्या अर्ध्या मिनिटातच ही मांडणी विस्कटते. म्हणून चांगल्या संघातील प्रत्येकाला सर्व जागांवरचे काम यावे लागते आणि सामना चालू असतानाच खांबाचा गडी खांबाजवळ परत कसा आणावयाचा, हेही पाहावे लागते.

नोंद व श्रेय : खो-खोच्या नोंदपत्रकात पळणाऱ्या प्रत्येक गड्याने किती वेळ संरक्षण केले, तो कोणाकडून व कोणत्या प्रकारे बाद झाला (साधा स्पर्श, सूर, खांबावरून सूर, मैदानाबाहेर जाणे, उशिरा प्रवेश इ.) हे लिहिले जाते. वृत्तपत्रांतील वृत्तांतही याच नोंदींवर आधारलेले असतात. एखाद्या खेळाडूच्या नावापुढे कंसात त्याच्या दोन्ही डावांतील संरक्षणाची मिनिटे व बाद केलेले गडी दिलेले आढळतात. संरक्षण हे वैयक्तिक असल्याने त्याचे मोजमाप सोपे आहे. दोन-तीन मिनिटे मैदानात टिकलेला गडी प्रेक्षकांच्याही लक्षात राहतो. पाठलाग सामुदायिक असल्याने त्यातील केवळ शेवटचा स्पर्श मोजला जातो. परिणामी, उत्तम खो देणारा परंतु स्वतः थोडे गडी बाद करणारा खेळाडू आकड्यांत सामान्य दिसतो. उत्कृष्ट संरक्षक व उत्कृष्ट आक्रमक अशी वैयक्तिक पारितोषिके देण्याची प्रथा सर्वत्र आहे. खो देणाऱ्यासाठी असे पारितोषिक सहसा नसते. संघनिवडीच्या वेळी अनुभवी प्रशिक्षक हे ध्यानात घेतात. तथापि ज्यांनी सामना पाहिलेला नाही अशांच्या हाती केवळ कागद असतो.

अन्य सांघिक खेळांतही अशी स्थिती आढळते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असणाऱ्या संघाच्या आघाडीच्या फळीत मध्यभागी एक, त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक व त्यांच्यापलीकडे एकेक असे पाच धिप्पाड खेळाडू असतात. प्रतिपक्षाला अडवून आपल्या चेंडू फेकणाऱ्यास व धावणाऱ्यास वाट करून देणे हे त्यांचे काम. सर्वसाधारणपणे त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचीही नियमाने परवानगी नसते. म्हणून गुणांच्या तक्त्यात त्यांची नावे क्वचितच येतात. मात्र तेथील महाविद्यालयीन खेळाला मोठे आर्थिक पाठबळ आहे. खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते, २०२१ पासून स्वतःच्या नावाच्या व्यापारी वापराबद्दल मोबदलाही घेता येतो आणि व्यावसायिक संघ सामन्यांच्या चित्रफिती बारकाईने तपासून अशा खेळाडूंची निवड करतात. खो-खोतील पाठलाग करणाऱ्याचे काम याच जातीचे असले, तरी त्याच्या कामाची अशी तपासणी करणारी यंत्रणा महाविद्यालयीन स्तरावर नाही. त्याच्याजवळ राहते ते केवळ प्रमाणपत्र.

सोलापूर जिल्ह्यातील परिस्थिती : सोलापूर हे कापडगिरण्या, हातमाग व यंत्रमाग यांचे शहर असून जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण आहे. खो-खोला दोन खांब, चुन्याची आखणी व मऊ केलेली जमीन यांखेरीज साधने लागत नाहीत. त्यामुळे शहरातील मंडळांप्रमाणेच ग्रामीण भागातील शाळांतही हा खेळ रुजला. माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. खेळ स्वस्त असला, तरी मैदान राखणे सोपे नसते. माती चाळून, मुरूम मिसळून, पाणी शिंपडून व लोळण फिरवून जमीन तयार करावी लागते. टंचाईच्या दिवसांत पाणी शिंपडणे परवडत नाही. मग कडक जमिनीवर सूर मारल्याने कोपर, गुडघे व माकडहाड सोलवटतात. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जात असल्याने सराव पहाटे व सायंकाळी होतो.

खेळाडूचा प्रवास सामान्यतः शालेय स्पर्धांपासून सुरू होतो. या स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. खो-खो संघटनेच्या कुमार गटासाठी १८ वर्षांची मर्यादा आहे. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट कुमार खेळाडूस वीर अभिमन्यू, तर मुलींपैकी सर्वोत्कृष्ट खेळाडूस जानकी पुरस्कार देतात. खुल्या गटात पुरुषांसाठी एकलव्य व महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई पुरस्कार आहे. कुमार गट संपल्यावर लगेच खुल्या गटात स्थान मिळणे कठीण असते, कारण तेथे नोकरीत असलेले तिशीपर्यंतचे अनुभवी खेळाडू ठाण मांडून असतात. हा मधला काळ महाविद्यालय भरून काढते. बहुतेकांचा खेळ याच काळात एक तर परिपक्व होतो किंवा सुटतो.

विद्यापीठीय रचना : सोलापुरातील जुन्या महाविद्यालयांपैकी दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये, तर संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये स्थापन झाले. येथील महाविद्यालये आरंभी मुंबई, १९४९ नंतर पुणे व १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ आहे. खेळाडूच्या दृष्टीने या बदलाला मोठे महत्त्व आहे. विद्यापीठाच्या संघात बारा जणांना स्थान असते. पूर्वी या बारा जागांसाठी सोलापूरच्या विद्यार्थ्याला कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील खेळाडूंशी स्पर्धा करावी लागे. सांगली व सातारा भागांतही खो-खोची जुनी परंपरा आहे. २००४ नंतर त्या बाराही जागा एकाच जिल्ह्याला खुल्या झाल्या. संधी वाढली, त्याचबरोबर चार जिल्ह्यांतील निवडक खेळाडूंच्या सहवासात मिळणारा सराव कमी झाला, हेही नमूद केले पाहिजे.

महाविद्यालयीन खेळाडूच्या वर्षाची आखणी ठरावीक असते. पावसाळ्यानंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात व त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. थोड्या दिवसांच्या शिबिरानंतर संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तीत पहिल्या चार क्रमांकांत येणारे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस पात्र ठरतात. या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या वतीने भरविल्या जातात व त्यांसाठी कमाल वयोमर्यादा २५ वर्षांची आहे. याखेरीज महाराष्ट्रातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडामहोत्सव असतो व त्यातही खो-खोचा समावेश आहे. पदवीची तीन वर्षे व पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे धरली, तर खेळाडूला फार तर पाच हंगाम मिळतात. प्रत्यक्षात पहिले वर्ष संघाबाहेर बसण्यात, एखादे दुखापतीत व एखादे परीक्षेच्या अडचणीत जाते. विभागीय स्पर्धेत उपांत्यपूर्व सामना हरलेल्या संघातील खेळाडूची त्या वर्षाची पूंजी म्हणजे केवळ सहभागाचे प्रमाणपत्र होय.

अल्पकालीन शिबिराची सर्वाधिक झळ पाठलागाला बसते. उत्तम पळणारा कोणत्याही संघात पहिल्या दिवसापासून उत्तमच पळतो. कारण त्याचे कौशल्य त्याच्याबरोबर येते. रांगेला मात्र एकमेकांची सवय व्हावी लागते. खो कोणाला लवकर हवा असतो, कोण डाव्या अंगाने चांगला उठतो, कोणाचा आवाज गर्दीत ऐकू येत नाही, हे एकत्र खेळल्यावाचून कळत नाही. म्हणून एकाच मंडळात वर्षानुवर्षे खेळणारे चार-पाच जण विद्यापीठाच्या संघात एकत्र आले, की त्या संघाचा पाठलाग इतरांहून सरस ठरतो. ग्रामीण मंडळांचे बळही यातच आहे.

शारीरिक ताण : बसलेल्या स्थितीतून वारंवार झटक्याने उठणे, पूर्ण वेगात असता थांबून पुन्हा बसणे व अंग झोकून देणे यांमुळे गुडघा, घोटा, मांडीचा मागील स्नायू व खांदा यांना दुखापती होतात. गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंध दुखावणे ही पाठलाग करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. ती एकाएकी उद्भवत नसल्याने खेळाडू तिच्याकडे दुर्लक्ष करतात व निवड हुकू नये म्हणून लपवितातही. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धा अलीकडे मॅटवर होऊ लागल्याने अंग सोलवटण्याचे प्रमाण घटले; मात्र मॅटवर पाय अधिक घट्ट रोवला जात असल्यामुळे वळताना गुडघ्यावर पीळ पडतो. मातीवर सराव करून मॅटवर स्पर्धा खेळणाऱ्याला पावलांची सवय बदलावी लागते.

उपजीविका व प्रमाणपत्र : खो-खोपटूच्या कारकीर्दीचे यश दीर्घकाळ एकाच निकषावर मोजले गेले व तो म्हणजे खेळाच्या आधारे मिळालेली नोकरी. रेल्वे, भारतीय विमानतळ प्राधिकरण, महावितरण यांसारख्या आस्थापनांचे संघ अनेक खेळाडूंचे आश्रयस्थान ठरले आहेत. केंद्र शासनाच्या नियमांनुसार गुणवंत खेळाडूंमध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्यांचाही अंतर्भाव होतो व मान्य खेळांच्या यादीत खो-खो आहे. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयान्वये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. १ जुलै २०१६ रोजी त्यात सुधारणा करण्यात आली. पदाच्या वर्गानुसार कोणत्या पातळीवरील स्पर्धेत कोणते स्थान मिळविलेले असावे, हे त्यात निश्चित केले असून उमेदवाराच्या प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून केली जाते.

या व्यवस्थेत पाठलाग करणाऱ्या खेळाडूला एक लाभ आहे व एक धोका. प्रमाणपत्र संघाच्या स्थानावर मिळत असल्याने बारा जणांचा दर्जा समान राहतो; गडी बाद करणारा व खो देणारा यांत तेथे भेद केला जात नाही. नोंदपत्रकाने नाकारलेले श्रेय प्रमाणपत्र अशा रीतीने अंशतः भरून देते. परंतु बारा जणांत निवड होणे हेच जेथे आकड्यांवर अवलंबून असते, तेथे हा खेळाडू मागे पडतो. शिवाय स्थानाची अट असल्यामुळे तिसरा व चौथा क्रमांक यांतील फरक अनेकदा आयुष्याचा फरक ठरतो. बरोबरी झालेल्या सामन्याचा निर्णय जादा डावानेही न लागल्यास लघुत्तम आक्रमणाने, म्हणजे पहिला गडी बाद करण्यास कोणत्या संघाला कमी वेळ लागला यावरून, लावला जातो. अशा वेळी एखाद्या खोला झालेला क्षणाचा विलंब नऊ जणांच्या नोकरीच्या अर्जावर उमटू शकतो.

नवे प्रवाह : २०२२ मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ ही सहा संघांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. पहिला हंगाम पुणे येथे पार पडला व त्यात ओडिशाच्या संघाने विजेतेपद मिळविले. दुसरा हंगाम २०२३–२४ मध्ये कटक येथे होऊन गुजरातचा संघ विजयी झाला. या स्पर्धेत दिशेचे बंधन नसलेला ‘वझीर’ हा पाठलाग करणारा खेळाडू आला. पहिल्या हंगामात सूर मारून बाद केल्यास जादा गुण देण्यात आले. त्यामुळे खेळ अधिक वेगवान व प्रेक्षणीय झाला. तसेच खेळाडूंना प्रथमच खेळाचा थेट मोबदला मिळाला. मात्र या बदलांचा झोत शेवटच्या स्पर्शावर अधिकच केंद्रित झाला. वझिराला दिशा बदलण्यासाठी खोची गरज राहत नसल्याने रांगेच्या कौशल्याचे क्षेत्र काहीसे आकुंचित झाले, असेही दिसते.

वेळापूरचे रामजी कश्यप या स्पर्धेत चेन्नईच्या संघाकडून खेळले व २०२५ च्या विश्वविजेत्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता. ग्रामीण मंडळातून विश्वचषकापर्यंत जाता येते हे त्यांच्या वाटचालीने सिद्ध झाले. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. त्यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून वर आलेल्या सारिका काळे पुढे राज्याच्या क्रीडा खात्यात क्रीडा अधिकारी झाल्या. अशी उदाहरणे प्रेरक असली, तरी संख्येने थोडी आहेत. महाविद्यालयीन संघांतून खेळलेल्या बहुसंख्यांची कारकीर्द विभागीय स्पर्धेपर्यंतच मर्यादित राहते.

खेळानंतर : पाठलाग करणाऱ्याचा भर वेगाइतकाच निर्णयावर असल्यामुळे खेळ थांबल्यावर त्याचे ज्ञान निरुपयोगी होत नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शिक्षक होणे, पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक-अभ्यासक्रम पूर्ण करणे किंवा पंच-परीक्षा उत्तीर्ण होणे असे मार्ग त्याला खुले असतात. खो-खोचे प्रशिक्षक गोपाळ फडके यांना २००० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला होता. गावोगावच्या मंडळांत विनामोबदला शिकविणाऱ्यांमध्येही असे माजी खेळाडू आढळतात. रांगेत बसून समोरचा खेळ वाचण्याची सवय शिकविताना उपयोगी पडते.

पाठलागाचे खरे मूल्यमापन करावयाचे, तर गडी बाद होण्यापूर्वीच्या दोन खोंची नोंद ठेवणे शक्य आहे. बास्केटबॉल व हॉकीसारख्या खेळांत गुण मिळविणाऱ्याला चेंडू पुरविणाऱ्याचीही नोंद केली जाते. सामन्यांचे चित्रण आता सुलभ झाल्याने खो-खोतही असे करण्यास मोठा खर्च येणार नाही. निदान विद्यापीठांच्या निवडचाचण्यांत अशी नोंद ठेवली गेली, तर बारा जणांची निवड करताना चौथ्या चौकात बसलेल्या खेळाडूचे कामही निवडसमितीपुढे येईल.